ट्रेबल अधिक सहा

रिसीव्हर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "किती वॉटचा?" दुसरा, "किती स्पीकर लागतात?" आवाज कसा आहे, हे फार थोड्यांनी विचारले. ज्यांनी विचारले, त्यांनाही उत्तर तपासायचे कसे हे माहीत नव्हते.

म्हैसूरमधल्या एका ऑडिओच्या दुकानात मी बावीस वर्षे हे प्रश्न ऐकले. त्याआधी सोलापूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. पत्नीची बदली म्हैसूरला झाली. मराठी दैनिकातल्या उपसंपादकाला इथे काम मिळण्यासारखे नव्हते, आणि जुने रेडिओ उघडून बसण्याची सवय होती, ती उपयोगी पडली. आता दोन्ही कामे संपली आहेत. या लेखात एका रिसीव्हरची हकिकत आहे. ती कळण्यासाठी धंद्यातल्या थोड्या गोष्टी आधी सांगाव्या लागतील.

रिसीव्हर म्हणजे होम थिएटरमधला तो जड, काळा डबा. टीव्ही, फोन, डिस्क प्लेयर यांच्याकडून येणारा आवाज घ्यायचा, तो पाच-सात स्पीकरांत वाटायचा आणि स्पीकर हलवण्याइतकी ताकद पुरवायची, एवढेच त्याचे काम. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले वॉट बहुधा दोनच स्पीकर चालू ठेवून मोजलेले असतात. बारा बाय पंधराच्या दिवाणखान्यात बातम्या, गाणी आणि रविवारचा एक सिनेमा यासाठी प्रत्येक स्पीकरला पाच-दहा वॉट पुरतात. हे सांगितले की गिऱ्हाईक नाराज होई. आकडा मोठा असावा अशी त्याची इच्छा असे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दोन रिसीव्हर एकापाठोपाठ ऐकवले आणि त्यातला एक अगदी किंचित मोठा असला, तर माणूस त्याला मोठा म्हणत नाही. चांगला म्हणतो. ज्याला एखादे यंत्र खपवायचे असते तो ते किंचित मोठे ठेवतो, आणि गिऱ्हाईक स्वतःच्या कानांनी निवडल्याच्या समाधानात घरी जाते. मी आवाज मोजण्याचे मीटर घेऊन दोन्ही यंत्रे सारखी करत असे आणि मगच ऐकवत असे. सारखी केल्यावर त्यांच्यातला फरक फार कमी उरतो. उरतो तो बहुतेक खोलीनुसार आवाज जुळवण्याच्या पद्धतीतला. रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक मिळतो. तो बसण्याच्या जागी ठेवला की यंत्र स्पीकरांतून चिरचिर आवाज काढते, खोली मोजते आणि कुठला आवाज चढवायचा, कुठला उतरवायचा ते ठरवते. काही यंत्रे वरचे, तीव्र आवाज मोकळे सोडतात. काही ते थोडे दाबतात.

खोलीचा भाग मात्र गिऱ्हाइकाच्या हातात असतो. हिनकलच्या एका फ्लॅटमध्ये पुण्याहून आलेल्या एका दाम्पत्याने मागचे दोन्ही स्पीकर पुढे, टीव्हीच्याच फळीवर ठेवायला लावले. कारण विचारले तेव्हा गृहस्थ म्हणाले, "पाठीमागून कोणी बोललेलं आईला चालत नाही." पाच स्पीकर एका ओळीत लावून मी परत आलो. त्यांची तक्रार कधी आली नाही.

आता दुकानाचा नियम. मालक कमी बोलत. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला कानडीत एक वाक्य सांगितले, "किवी अवरदु, मशीन नम्मदु." कान त्यांचा, यंत्र आपले. म्हणजे यंत्राबद्दल हवे ते बोला, गिऱ्हाइकाच्या कानाबद्दल बोलू नका.

या नियमाला कारण होते. वय वाढते तसे माणसाला वरचे आवाज ऐकू येईनासे होतात. टाळ, झांज, बांगड्या, "स" आणि "श" यांची धार आधी जाते. बोलणे ऐकू येत राहते, त्यामुळे त्या माणसाला आपल्याला कमी ऐकू येते असे वाटत नाही. आवाज दबका आहे, यंत्र जुने झाले आहे, हल्ली चांगले आवाज बनतच नाहीत, असे वाटते. साठीपुढचा माणूस समोर बसला की पाच मिनिटांत आम्हाला हे कळे. मग वरचे आवाज मोकळे सोडणारे यंत्र पुढे करायचे, तरीही पुरेसे वाटले नाही तर ट्रेबल, म्हणजे वरच्या आवाजांचा जोर, वाढवून द्यायचा. गिऱ्हाईक खूश होई. कोणाचा अपमान होत नसे. अशा प्रकारे मी बरीच यंत्रे विकली.

श्रीनिवासराव दुकानात आले ते मुलीबरोबर. वय अडुसष्ट, राहणार नजरबाद, व्यवसाय पेटी दुरुस्त करणे आणि सुरात लावणे. आजोबांपासूनचा धंदा. घर चार पिढ्या म्हैसूरचे, घरात मराठी, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली की कुठे एक भाषा संपते ते त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते. मुलगी विद्या एकतीस वर्षांची, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. वडिलांना होम थिएटर भेट द्यायचे तिने ठरवले होते. ते सिनेमे पाहत नसत. त्यांच्याकडे स्वतःच्या वडिलांच्या पेटीवादनाच्या कॅसेट होत्या, त्या तिने पेन ड्राइव्हवर उतरवून आणल्या होत्या.

"अप्पा, इथं मध्ये बसा. मध्ये बसलं की आवाज सरी येतंय," विद्या म्हणाली.

"कुठं बसायचं ते मला सांगू नको. चाळीस वर्षं पेटीपुढं बसलोय." ते मध्येच बसले. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही महाराष्ट्रातले की?"

"सोलापूरचा."

"हां, मग तुमची मराठी पुस्तकातली. आमची स्वल्प मिसळीची आहे, सांभाळून घ्या नोडी."

मी दोन रिसीव्हर लावले. त्यांची नावे झाकली. सोयीसाठी इथे पहिला आणि दुसरा म्हणतो. मीटरने आवाज सारखे केले, आणि त्यांच्याच वडिलांच्या पेटीची एक चीज आधी पहिल्यावर, मग दुसऱ्यावर वाजवली. पहिला वरचे आवाज थोडे दाबणारा होता, दुसरा मोकळे सोडणारा.

"हे पहिलं बेडा," श्रीनिवासराव हाताने झटकून म्हणाले. "सूर गोणपाटात गुंडाळून ठेवलाय जसा. दुसरं बरं. पण त्यातही वरचं सप्तक पूर्ण उघडलेलं नाही."

"मला तर पहिलंच बरं वाटतंय अप्पा," विद्या म्हणाली. "दुसरं कानाला टोचतंय."

"तुझं काय? तुला पेटी आणि प्रेशर कुकर एकच."

"कुकरच्या शिट्ट्या मीच मोजते, तुम्ही नाही," ती म्हणाली. दोघेही हसले. मग तिने मला विचारले, "अंकल, तुम्ही सांगा. चांगलं कुठलं?"

"ऐकणाऱ्याला आवडेल ते," मी म्हणालो.

हे उत्तर खोटे नव्हते. पूर्णही नव्हते. पूर्ण उत्तर विद्याच्या वाक्यात होते, आणि बातमीच्या टेबलावर असतो तर मी तेच वाक्य उचलून वर घेतले असते. समोर बसलेला माणूस कानावर पोट भरणारा आहे, हेही मला त्या वेळी माहीत होते. मी दुसरा रिसीव्हर बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी नजरबादला जाऊन बसवला. पुढच्या खोलीत एका भिंतीला टेबल, टेबलावर कानशी, चिमटे, पितळी सुरांची ताटे, उघडून ठेवलेले भाते. दुसऱ्या भिंतीला मी स्पीकर लावले. बसण्याची जागा म्हणून श्रीनिवासरावांची खुर्ची दाखवण्यात आली. माइक तिथे ठेवला, खोली मोजली, काम संपले.

तीन आठवड्यांनी फोन आला. "तुमचं यंत्र दबलंय."

शनिवारी गेलो. विद्या आलेली होती. वायरी तपासल्या, माइक लावून पुन्हा मोजले. पहिल्या दिवशीच्या मापात आणि या मापात फरक नव्हता. मग सेटिंग उघडली. ट्रेबल अधिक सहावर होता. त्या यंत्रात तो त्याच्यापुढे जात नाही.

"हे तुम्ही वाढवलंत?" मी विचारले.

"रोज थोडं. आता पुढं जात नाही. बिघडलंय, हौदु की नाही?"

"बिघडलेलं नाही."

"मग माझ्या वडिलांच्या हाताला तुमच्या यंत्रानं कांबळं घातलंय काय?"

विद्या मध्ये पडली. "अप्पा, त्यांच्यावर राग काढू नका. दोन दिवस डोकं सरी नाही यांचं, अंकल. सोसलेच्या पेट्या परत आल्या ना."

टेबलाच्या कोपऱ्यात दोन पेट्या पांढऱ्या फडक्याखाली होत्या. टी. नरसीपूर तालुक्यातल्या सोसले गावातले एक भजनी मंडळ. त्यांच्या पेट्या तीन पिढ्या याच घरी सुरात लागत आलेल्या. पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे आराधना, म्हणजे गुरूंच्या पुण्यतिथीचा उत्सव होता, त्यासाठी श्रीनिवासरावांनी दोन्ही पेट्या लावून पाठवल्या होत्या. मंडळाचे प्रमुख गोविंदाचार यांनी त्या परत पाठवल्या, आणि निरोप दिला, की दुरुस्त होत असतील तर वेळेत द्या, नाहीतर यापुढे आम्ही बेंगळूरूला पाठवू.

"काय तक्रार होती?" मी विचारले.

"वरचं सप्तक टोचतंय म्हणाले," विद्या म्हणाली.

"दमट हवा," श्रीनिवासराव म्हणाले. "आणि हे नवे सूर. पितळ कुठलं आणतात कोण जाणे. मी दोनदा तपासलं. काही टोचत नाही. आजोबांपासून एक पेटी मागं आलेली नाही या घरात. एक."

पेटीचे थोडे सांगायला हवे. चांगल्या पेटीत एका पट्टीला दोन किंवा तीन सूर असतात, म्हणजे पितळेच्या बारीक जिभल्या, ज्या भात्याच्या हवेने थरथरतात. त्या एकमेकींशी तंतोतंत जुळल्या तर आवाज एकजीव येतो. किंचित चुकल्या तर त्या आवाजात एक लहर उठते, वॉव-वॉव अशी. लावणारा ती लहर ऐकतो, जिभली कानशीने घासतो, लहर मंद होत जाते आणि थांबते. वरच्या सप्तकात ही लहर ज्या तीव्र भागात स्पष्ट होते, नेमका तोच भाग श्रीनिवासरावांपर्यंत पोहोचत नव्हता. त्यांना सूर जुळलेले वाटत होते. ऐकणाऱ्याला ते टोचत होते.

नियम मोडायचा मी तिथेच ठरवले, पण सरळ बोलण्याचे धैर्य झाले नाही. म्हणालो, "यंत्र किती वर जातं ते तपासू. एक आवाज हळूहळू चढत जाईल. ऐकू येतोय तोवर हात वर ठेवायचा, थांबला की खाली. तिघेही करू, म्हणजे चूक व्हायची नाही."

ट्रेबल शून्यावर आणला. फोनमधून रिसीव्हरला चढता सूर दिला. धंद्यात हे रोजचे असते. ही वैद्यकीय तपासणी नव्हे, पण अंदाज देते. तिघांचे हात वर होते. फोनवर सेकंदाला किती कंपने हा आकडा चढत होता. चार हजारांच्या जरा अलीकडे श्रीनिवासरावांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, "आयतु. थांबला."

मग त्यांनी आमच्याकडे पाहिले. आमचे दोन हात वर होते.

नऊ हजारांपुढे माझा हात खाली आला. मी त्या वेळी साठीला आलो होतो, आणि मधल्या बऱ्याच वर्षांत तरुण गिऱ्हाइकांना वरच्या आवाजाच्या नाजूकपणाबद्दल जे सांगत आलो, त्यातले बरेचसे आठवणीवर सांगत होतो, हे त्या दुपारी नोंदले गेले. विद्याचा हात वरच होता.

"आहे अजून?" श्रीनिवासरावांनी विचारले.

"आहे अप्पा."

"खोटं."

"कशाला खोटं सांगू?"

"भिंतीकडं तोंड कर."

ती वळून उभी राहिली. त्यांनी रिमोट हातात घेतला, आवाज बंद करण्याचे बटण कुठले ते मला विचारले, आणि काही न बोलता दाबले. तिचा हात खाली आला. पुन्हा दाबले. हात वर गेला. त्यांनी हे पाच-सहा वेळा केले, कधी लगेच, कधी बराच वेळ थांबून. एकदाही चूक झाली नाही. एखादा जोड पक्का बसला की नाही हे कारागीर जसे पाहतो, तसे ते पाहत होते. मग त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला.

"म्हणजे यंत्र चांगलं आहे," ते म्हणाले.

"हो."

"तुम्हाला हे त्या दिवशी दुकानात कळलं होतं?"

"हो."

"आणि बोलला नाहीत."

"नाही. दुकानाचा नियम आहे. गिऱ्हाइकाच्या कानाबद्दल बोलायचं नाही."

"पेटीच्या भात्याला भोक आहे हे मला दिसलं, आणि मी सुम्ने, काही न बोलता, तुम्हाला पेटी विकली. मग तुम्ही मला काय म्हणाल?"

मी माइकची वायर गुंडाळू लागलो. विद्या म्हणाली, "अप्पा, साकु. पुरे."

"साकु नाही," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "आता तुम्ही जावा."

घटनांचा क्रम असा होता: रिसीव्हरची निवड, त्यानंतर एका आठवड्याने सोसलेच्या पेट्या लावायला घेतल्या, त्यानंतर दोन आठवड्यांनी परत आल्या. दुकानात एक वाक्य बोललो असतो, तर त्या पेट्या तशा गेल्या नसत्या. मालकांना सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि नियमाबद्दल काही म्हटले नाही.

पुढचे काही दिवस काय चालले होते ते विद्याकडून नंतर कळले. ती वडिलांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तेच सांगितले, आणि ऐकण्याचे यंत्र लावायचा सल्ला दिला. ते बोलणे ऐकायला उपयोगी पडेल, सूर जुळवायला त्यावर अवलंबून राहू नका, असेही सांगितले. विद्याने फोनमध्ये सूर मोजण्याचे ॲप घेतले. श्रीनिवासरावांनी ते एक दुपार वापरून पाहिले आणि फोन तिला परत दिला. "एकेक सूर कुठं आहे ते हे सांगतंय. दोन एकत्र वाजल्यावर आत काय होतंय ते याला ठाऊक नाही." त्या दिवसांत त्यांनी पेट्यांवरचे फडके काढले नाही. बेंगळूरूला पाठवू देत, असे ते एकदा म्हणाले. त्या घरात ते वाक्य पहिल्यांदाच बोलले गेले असावे.

आराधनेला सहा दिवस उरले असताना मला फोन आला. श्रीनिवासराव स्वतः बोलत होते.

"यंत्र पाहिजे."

"कुठलं?"

"त्या दिवशी पहिलं वाजवलेलं. गोणपाट. आहे का विकलं?"

"आहे. पण तुम्हाला ते आवडलं नव्हतं."

"मला विचारतंय कोण आता? ऐकायचं तिनं आहे. तिला जे सरी वाटलं ते आणा. आणि ते तुमचं चढत्या आवाजाचं जे काय आहे, तसं दोन आवाज एकदम काढता येतात काय? एक थोडा चुकलेला?"

"येतात."

"मग लवकर या."

मालकांना विचारले. "तगोंडु होगी," ते म्हणाले, घेऊन जा, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

नजरबादच्या खोलीत यंत्र बदलले. माइक कुठे ठेवायचा असे विचारल्यावर श्रीनिवासरावांनी टेबलाशेजारचे एक स्टूल दाखवले. तिथे विद्या बसणार होती. तिने आठवडाभर दुपारची रजा काढली होती.

कल्पना त्यांची होती. मुलीला लहर ऐकायला शिकवायची, पण पेटीवर नव्हे. पेटीत भात्याचा आवाज असतो, लाकडाचा असतो, आणि प्रत्येक चुकीची किंमत पितळाला पडते, कारण घासलेली जिभली पुन्हा भरता येत नाही. म्हणून आधी रिसीव्हरवर. मी एका स्पीकरला एक सूर दिला, दुसऱ्याला त्याहून किंचित चढा.

"काय ऐकू येतंय?" त्यांनी विचारले.

"आवाज हलतोय. डोलतोय जसा."

"किती वेळा?"

"किती वेळा म्हणजे?"

"हलतोय म्हणजे काय, वाऱ्यावर हलतोय? मोज. एका सेकंदाला किती?"

तिने बोटाने गुडघ्यावर ताल धरला. "चार."

माझ्या फोनवरचा फरक चारचा होता. मी मान हलवली.  मी फरक कमी केला. "दोन," ती म्हणाली. मग "एक." मग बराच वेळ थांबून, "अजून आहे. फार हळू आहे, पण आहे." मग बोट थांबले. "गेली."

"लहानपणी हिला पेटीपाशी बसवायला हवं होतं," श्रीनिवासराव माझ्याकडे बघून म्हणाले.

"बसवलं होतं," विद्या म्हणाली. "तुम्हीच उठवलं. बेसूर आहे म्हणालात."

"गायला बेसूरच आहेस. ऐकायला नाही. ते वेगळं असतंय, मला ठाऊक नव्हतं."

पहिली दुपार रिसीव्हरवर गेली. पुढचे दोन दिवस पेटीवर. मी दुकान सुटल्यावर जाऊन बसत असे. माझी गरज नव्हती, पण कोणी जा म्हटले नाही. श्रीनिवासराव जिभली घासत, पट्टी दाबत, भाता हलवत. विद्या डोळे मिटून बसे.

"आता?"

"स्वल्प आहे."

"स्वल्प म्हणजे किती? आकडा सांग."

"दोनला एक. म्हणजे दोन सेकंदाला एक."

दोन हलके घासे. "आता?"

"गेली."

"नक्की?"

"गेली म्हटलं की गेली अप्पा."

"घाई करू नको. एकदा घासलं की मागं जात नाही."

"घाई तुम्ही करताय. मी नाही म्हटलं होतं मघाशी, तरी घासलंत."

मघाशी तसे झाले होते. एका सुराला तिने "थांबा" म्हटल्यावर त्यांनी सवयीने आणखी एक घासा दिला होता, आणि लहर उलट्या बाजूने परत आली होती. तो सूर जिभलीच्या मुळाशी घासून खाली आणण्यात अर्धा तास गेला. चाळीस वर्षे हात आणि कान एकाच माणसाचे होते. आता हाताला दुसऱ्याच्या कानासाठी थांबावे लागत होते. दुसऱ्या पेटीला लागले तेव्हा ते घासा देऊन हात मांडीवर ठेवत आणि तिच्या बोटाकडे पाहत.

पुढे दुकानात असेपर्यंतची दोन वर्षे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी चढता सूर ऐकवला. वय काहीही असो. कारण आधीच सांगितले, माझा स्वतःचा आकडाही सांगितला. काही लोक नाराज झाले, दोघे-तिघे उठून गेले. एका बाईंनी नवऱ्याकडे बघून "मी काय म्हणत होते!" असे म्हटले आणि रिसीव्हर न घेताच त्याला बाहेर नेले. मालकांनी हरकत घेतली नाही. बऱ्याच जणांनी स्वस्तातले, साधे यंत्र घेतले आणि ते त्यांना पुरले.

आराधनेच्या आदल्या सकाळी पेट्या सोसलेला पोहोचवायच्या होत्या. माझी गाडी होती, मी नेल्या. मागच्या सीटवर दोन पेट्या आणि त्यांना धरून विद्या, पुढे श्रीनिवासराव.  त्यांच्या डाव्या कानात ऐकण्याचे नवे यंत्र होते. गाडीचा हॉर्न त्यात फार मोठा ऐकू येतो, अशी एकच तक्रार त्यांनी केली.

गोविंदाचार सत्तरीचे, सडसडीत, धोतर आणि उपरणे. ओसरीवर त्यांनी चटई टाकली, पहिली पेटी पुढे ओढली आणि बोलत न बसता खालपासून एकेक पट्टी दाबत वर गेले. मंडळातले चार-पाच जण खांबांना टेकून बघत होते. मधले सप्तक संपले. वरच्या सप्तकाला त्यांनी वेग कमी केला. प्रत्येक सूर लांबवला, सोडला, पुन्हा धरला. शेवटच्या पट्टीपर्यंत गेले. मग दुसरी पेटी घेतली आणि तेच केले. श्रीनिवासराव ओसरीच्या पायरीवर उभे होते. त्यांना कोणी बसा म्हटले होते, ते बसले नव्हते.

"ही आता बरोबर लागली," गोविंदाचार कानडीत म्हणाले. "मागच्या वेळी काय झालं होतं?"

श्रीनिवासरावांना दमट हवेचे कारण देता आले असते. मंडळींनी ते मान्यही केले असते.

"मला वरचं ऐकू येत नाही आता," ते कानडीतच म्हणाले. "हिनं ऐकलं. मी घासलं."

 गोविंदाचारांनी विद्याकडे पाहिले, पुन्हा श्रीनिवासरावांकडे पाहिले. मग वरच्या सप्तकातला पंचम दाबून धरला. "हा जरासा चढा वाटतो मला," ते म्हणाले, सवयीने श्रीनिवासरावांना उद्देशून.

श्रीनिवासराव मुलीकडे वळले.

विद्या चटईवर पेटीजवळ बसली. "सोडू नका," ती गोविंदाचारांना म्हणाली. "भाता एकसारखा चालू दे." मान खाली घालून तिने ऐकले. मग खालचा पंचम वाजवायला सांगितला, मग दोन्ही एकदम. गुडघ्यावरचे बोट हलले नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

गोविंदाचारांनी आणखी एकदा स्वतः ऐकले. मग भाता मिटला, कडी लावली आणि खांबाशी बसलेल्यांना पेट्या आत न्यायला सांगितले.